वाघाच्या मावशीचा पत्ता

एक जंगल होतं. तिथे वाटांना नावं नसत, नावांना वाटा असत. म्हणजे असं, की उंबरावरच्या राघूला एखादं नाव सांगायचं, की तो उडत उडत तुम्हाला बरोबर त्या दारात नेऊन सोडी. आपल्या दारासाठी एखादं नाव जो आधी नोंदवेल, ते त्याचं. मागून चालणाऱ्याने वर राघूकडे बघायचं, वाटेकडे नाही, अशी रीत होती. त्यामुळे वाट कोणालाच पाठ नव्हती.

रखमा मांजरीने फार पूर्वी 'वाघाची मावशी' हे नाव नोंदवून ठेवलं आणि खानावळ काढली. झुणका-भाकरी, वर ताक. अर्धं जंगल तिच्याकडेच जेवायचं.

पुढे वाघोबा राजा झाला. बिनविरोध. दुसरा उमेदवार आदल्या दिवसापासून सापडत नव्हता.

राजाने राघूला विचारलं, "दिवसभर प्रजा कोणाचं नाव घेते रे?"

"वाघाची..." राघू म्हणाला. राजा सुखावला.

"...मावशी."

लगेच दावा लागला. न्यायासनावर घोरपड होती. एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणूनच तिला ती जागा मिळाली होती. राजाचा वकील तरस गरजला, "वाघ हे महाराजांचं नोंदलेलं नाव! भोळी प्रजा ही खानावळ सरकारी समजते. फसवणूक! एक जंगल, एक वाघ, एक पत्ता!"

"अरे बाळा," रखमा राजाला म्हणाली, "राजा तू आत्ता झालास. मावशी मी तू डोळे उघडायच्या आधीपासून आहे. नाव गेलं तर या लेकरांना माझं दार सापडायचं कसं?"

राजाने मिशा चाटल्या आणि तरसाकडे पाहिलं.

साक्षीला कानू ससा आला. "मावशीच्या आणि महाराजांच्या दारात तुमचा गोंधळ होतो का?" घोरपडीने विचारलं.

"छे हो! मावशीकडे आम्ही जेवायला जातो. महाराजांकडे जेवण म्हणून."

सगळे हसले. साक्ष विनोदी ठरवून फेटाळली गेली. नाव राजाला मिळालं.

"बरं, मग मी नुसतं 'रखमा' लावते."

राघूने मान खाली घातली. "ते सकाळीच गेलं गं मावशे. राजाच्या भाच्याने घेतलं. 'झुणका'ही घेतला, 'ताक'ही. 'भूक' तेवढं पडून होतं, तेही उचललं."

त्या दिवसापासून राघू मावशीचं नाव सांगणाऱ्यांना इमानेइतबारे राजाच्या गुहेत सोडू लागला. रखमा वाटेत उभी राहून ओरडे, "अरे मेल्यांनो, खाली बघा, इकडे या!" कानूला तर तिने कान धरूनच मागे ओढला. बाकीचे वर बघत पुढे गेले. रखमाला 'अनधिकृत मावशी' म्हणून नोटीस आली.

थंडीत राजाने सभा घेतली. "खानावळ सरकारकडे आल्यापासून," तो ढेकर आवरत म्हणाला, "एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही!"

उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.