बोटभर सुरी

फार वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगरावरून ढोलाचा आवाज यायचा. लहानपणी मी तो ऐकलाय. त्या ढोलाच्या कातड्याची ही गोष्ट.

लखमा शिकारी सांबराच्या मागावर निघाला होता. देवाच्या ढोलाला अखंड कातडं हवं होतं. लखमाच्या घराच्या कुडाच्या भिंतीला एक लांब कोयता आणि एक बोटभर सुरी अडकवलेली होती.

कोयता म्हणाला, "मालक, मला घ्या. एवढं मोठं जनावर! ही चिमुरडी काय पुरणार त्याला?"

"दादा, फांद्या तुम्हीच तोडा," सुरी म्हणाली. "पण जिथं बोट जातं, तिथं मीच जाते."

"गेल्या साली तुझ्यानंच कातड्याला भोकं पडली," लखमा कोयत्याला म्हणाला, "अन् देव ढोलाविना राहिला." त्यानं सुरी कमरेला खोचली.

रानात बाण लागून सांबर पडलं. लखमानं पात्याच्या पाठीवर बोट ठेवलं आणि सुरी कातड्याखालून हळूहळू सरकली. पोटाशी कातडं कांद्याच्या सालीसारखं पातळ. तिथं ती श्वास रोखून चालली.

दुसऱ्या दिवशी ढोल मढवणारा गोमा घरी आला. प्रत्येक कातड्याला नावं ठेवणारा म्हातारा. त्यानं कातडं उन्हासमोर धरलं. उजेडाचा एक ठिपका दिसला, तरी तो कातडं टाकून द्यायचा.

"आता बघ तुझी फजिती," कोयता हसला.

गोमानं कातडं चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कुडावर परत अडकवलेली सुरी ताठ होती. मग त्यानं कातडं खांद्यावर टाकलं, सुरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चालू लागला.