रथाची चाके आणि ठेंगणे बैल

पुष्कळ पूर्वीची ही गोष्ट. तेव्हा जनावरे माणसांशी बोलत, आणि कोणाला त्याचे नवल वाटत नसे.

एका डोंगरावर एक गाव होते. गावची विहीर आटली होती. खाली दरीत नदी होती, आणि तिचे पाणी वर आणणारी गाडी एकच होती. ती एका म्हाताऱ्या गाडीवानाची. गाडीवर लाकडाचे मोठे पिंप आडवे बांधलेले असे. पोवळ्या आणि खैऱ्या हे दोन ठेंगणे डोंगरी बैल ती ओढत. दोघांची आई लवकर गेली, म्हणून गाडीवानाने त्यांना हाताने पेज पाजून वाढवले होते.

खैऱ्या कमी बोले. पोवळ्या मात्र बोलका. चढ लागला की म्हणे, "धनी, जरा थांबा. खैऱ्याला दम लागलाय." गाडीवान थांबे.

गाडी बुटकी होती. पारावरची माणसे विचारत, "काय हो काका, गाडी चालतीये का बसलीये?" गाडीवान हसे. पण ते त्याच्या मनाला लागे.

एकदा राजा त्या वाटेने गेला. गाडीवानाने त्याला पाणी दिले. राजा संतोषला आणि त्याने आपल्या जुन्या रथाची दोन चाके गाडीवानाला दिली. चांगली उंच, पितळी फुल्या जडवलेली चाके.

गाडीवान ती घेऊन सुताराकडे गेला. सुताराने एक चाक भिंतीशी उभे केले. मग बाहेर येऊन त्याने बैलांच्या मानेशी हात लावून पाहिला.

"चाकं उंच, बैल ठेंगणे," तो म्हणाला. "गाडी पुढं झुकंल, आणि सगळा भार मानेवर येईल. गाडीचा साटा, ही पिंपाखालची चौकट, खाली उतरवून बसवायला पाहिजे. त्याला जाड लाकूड लागंल. पंधरवडा थांब."

"मग पंधरवडा गावानं प्यायचं काय?"

"जुन्या चाकांवर आणतोस तेच."

पण गाडीवानाने घरी येऊन त्याच दिवशी नवी चाके चढवली.

पारावरची माणसे उठून बघायला आली. त्या दिवशी कोणी हसले नाही. गाडीवानाने गाडी गावातून जरा लांबच्या वाटेने नेली.

"धनी, मानेवर फार दाबतंय," पोवळ्या म्हणाला.

"होईल सवय."

संध्याकाळी त्याने जू उतरवले, तर दोघांच्या माना सोलवटल्या होत्या. त्याने तेलात हळद कालवून लावली. त्याला वाईट वाटले. पण चाके काढावीत, असे काही वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर त्याने पिंप मागे सरकवून बांधले आणि मग पाणी भरले. जू हलके झाले.

"आता कसं वाटतंय रे?"

"सपाटीवर बरं वाटतंय, धनी. चढाचं चढावर कळंल. आज रिकामेच जाऊ. जुनी चाकं घालून परत येऊ."

"वर लोक भांडी घेऊन उभे असतील."

"आणि चाकांकडं बघत असतील," पोवळ्या म्हणाला.

"फार बोलतोस," गाडीवान म्हणाला आणि त्याने गाडी हाकली.

घाट लागला. पिंप काठोकाठ भरलेले नव्हते, त्यामुळे चढावर सगळे पाणी मागच्या बाजूला धावले. गाडी मागे बसू लागली आणि पुढे जू वर उठू लागले. जुवाचे चामडी पट्टे बैलांच्या गळ्याखालून बांधलेले होते.

गाडीवानाने खाली उडी मारली. पिंप घसरत होते. वर गाव तहानलेले होते. तो मागे धावला आणि पिंपाचा दोर धरून त्याला लोंबकळला. त्याचा भारही मागेच पडला. जू आणखी वर गेले.

पुढे काही बिघडले, तर पोवळ्या हाक मारील, याची त्याला खात्री होती. तो नेहमी सांगे. हाक आली नाही, म्हणून गाडीवान पिंपच सावरत राहिला.

गळा आवळलेल्याला हाक मारता येत नाही.

शेवटी दोर तुटला. पिंप दरीत गेले. गाडी धाडकन पुढे आली. खैऱ्या गुडघ्यांवर बसला होता आणि धापा टाकत होता. पोवळ्या आडवा पडला होता. गाडीवानाने पट्टा सोडला, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाला, "बोल रे. आता कितीही बोल." पण पोवळ्याचा श्वास थांबला होता.

पंधरवड्याने सुतार जाड लाकूड घेऊन आला. त्याने साटा उतरवला. गाडी अगदी सरळ, समतोल उभी राहिली. पण ओढायला जोडी नव्हती, आणि पाण्याविना गाव हलले होते. माणसे भांडीकुंडी डोक्यावर घेऊन घाट उतरून गेली होती. जाताना चाकांकडे कोणी पाहिले नव्हते.

गाडीवान तिथेच राहिला. रोज सकाळी तो खैऱ्याच्या मानेवर हात फिरवी आणि विचारी, "दुखतंय का रे?" खैऱ्या त्याच्याकडे बघे. तो पुन्हा कधी बोलला नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्या मानेवर जू ठेवायचे, त्याच्या मानेची उंची आधी पाहावी.