महाराजांनी रुमाल टाकला

चक्रनगरच्या महाराजांनी बसमध्ये रुमाल टाकला आणि साऱ्या शहराची बसायची सोय गेली!

झालं असं, की महाराज शार्दूलराव एकदा हौसेने बसथांबा बघायला गेले. बस आली, तशी लोकांनी खिडक्यांतून रुमाल टाकले, पिशव्या टाकल्या, एकाने तर डोक्यावरची टोपीच टाकली. मग सगळे दारातून चढले आणि आपापल्या रुमालावर जाऊन बसले.

"प्रधानजी, हा काय प्रकार?"

"जागा धरायची पद्धत आहे, महाराज. ज्याचा रुमाल, त्याची जागा."

"वा! तलवार न उपसता मुलूख ताब्यात!" महाराज खूश झाले. ते खूश झाले की प्रजा देव पाण्यात ठेवायची, आणि ती उगीच ठेवायची नाही.

दुसऱ्या दिवशी राज्याच्या चारशे बारा बसमध्ये पहिल्या आसनावर महाराजांचा जरीकाठी रुमाल पडला. त्यांतल्या शंभरेक बस डेपोत चाकं काढून विटांवर उभ्या होत्या, पण रुमाल त्यांनाही मिळाला. मग प्रधानजींना वाटलं, आपण काय पाप केलंय? त्यांचाही रुमाल पडला. पाठोपाठ सेनापती, राजवैद्य, शेवटी राजवाड्यातल्या पोपटाला मिरच्या घालणारा कारभारीसुद्धा! महिनाभरात प्रत्येक बसच्या चाळीस आसनांवर चाळीस रुमाल झाले. यांतला एकही माणूस जन्मात बसने गेला नव्हता, पण दरबारात मानाची गोष्ट झाली ना! वर कायदा निघाला: टाकलेला रुमाल जो हलवील, तो हद्दपार.

असंच एकदा महाराजांनी गच्चीवरून खाली पाहिलं. रस्त्यावरून बस चालली होती. आसनं रिकामी आणि माणसं दाराला लोंबकळलेली.

"जागा असून लोक उभे? मुद्दाम आमची अब्रू घालवतात!" महाराज कडाडले. "लिहा, प्रधानजी! जागा समोर असताना या राज्यात कोणी उभा दिसता कामा नये. थांब्यावर एकही उतारू मागे राहता कामा नये. आणि रुमाल तसूभरही हलता कामा नये! सोमवारी पहिली बस तपासू. चूक निघाली तर बस भंगारात आणि कंडक्टर घरी!"

प्रधानजींनी शब्दन् शब्द लिहून घेतला. विचार करणं हे त्यांचं काम नव्हतंच.

सोमवारची पहिली बस होती बेचाळीस नंबर. तिची कंडक्टर कौसल्या ढमाले, अठरा वर्षं त्याच बसवर. ही बस दगडखाण वस्तीला जायची आणि तिकडे दुसरी कुठलीच बस फिरकत नसे. बेचाळीस बंद झाली, तर वस्तीला तीन कोस पायपीट. वस्तीतली सगुणा सात महिन्यांची गरोदर होती. सुजल्या पायांनी ती रोज प्रधानजींच्या रिकाम्या आसनाशेजारी दांडा धरून उभी राहायची. ते पाहून कौसल्याचा जीव जळायचा.

ड्रायव्हर इस्माईलभाईंनी हुकूम वाचून कपाळाला हात लावला. "कौसाबाई, बसवायचं नाही, उभं करायचं नाही, मागे ठेवायचं नाही. मग लोकांना काय टपावर वाळत घालायचं?"

"भाई, सगळ्यांना घ्या," कौसल्या म्हणाली. "आणि गाडी राजवाड्याकडे वळवा. पार दरबाराच्या खिडकीला खिडकी लावा!"

टण टण! डबल बेल वाजली आणि बस निघाली.

राजवाड्याशी पोचताच इस्माईलभाईंनी असा भोंगा वाजवला, की महाराज गादीवरून ताडकन उठून सज्जात बघायला धावले. तेवढ्यात कौसल्याने बसच्या खिडकीतून नेम धरला आणि चौकड्यांचा, घामाने ओला रुमाल थेट गादीवर टाकला! मग ती दारातून आत आली.

महाराज परतले. "हे काय आहे?"

"जागा धरलीय, महाराज. जरा पुढे सरका, मागच्यांना येऊ द्या."

"ही आमची गादी आहे! चौदा पिढ्यांची!"

"असेल की. पण रुमाल माझा आहे."

"प्रधानजी, फेका तो रुमाल!"

प्रधानजींनी हात पुढे केला.

"हद्दपार व्हायची हौस आहे का, प्रधानजी?" कौसल्याने विचारलं. प्रधानजींनी हात मागे घेऊन पाठीशी बांधला.

"म्हणजे आम्ही उभंच राहायचं?" महाराज ओरडले.

"छे! जागा समोर असताना कोणी उभा दिसता कामा नये. हुकूम आहे तुमचा."

महाराजांनी गादीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं. बसावं तर कायदा मोडतो, उभं राहावं तर हुकूम मोडतो! गुडघे थोडे वाकवून ते मधल्यामध्ये थांबले. खिडकीबाहेर चाळीस-पन्नास उतारू डोळे फाडून बघत होते. थोड्याच वेळात महाराजांचे पाय लटपटू लागले.

"अगं बाई, धरलीस ना जागा? मग बस एकदाची आणि आम्हाला मोकळं कर!"

"मी कशी बसू? ड्युटीवर आहे. कंडक्टर कुठं बसतो का, महाराज?"

"बसायचं नव्हतं तर रुमाल कशाला टाकलास?" महाराज गरजले.

कौसल्याने हात जोडले. "महाराज, हेच विचारायला आम्ही बस भरून आलोय!"

महाराजांनी खिडकीबाहेर उभ्या बसकडे पाहिलं, तिच्यातल्या जरीकाठी रुमालाकडे पाहिलं, मग स्वतःच्या वाकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. आणि एकदम त्यांना असं हसू फुटलं, की ते धपकन जमिनीवरच बसले!

"प्रधानजी, सगळे रुमाल उचला! पहिला आमचा!" डोळे पुसत ते म्हणाले. "बेचाळीसला डेपोतली नवी कोरी गाडी द्या. आणि यापुढे प्रत्येक बसमध्ये दाराजवळचं एक आसन कंडक्टरचं!"

उचललेल्या रेशमी रुमालांची वस्तीत गोधडी शिवली गेली. सगुणाची लेक तिच्यात झोपते. नव्या गाडीत कंडक्टरचं आसन आहे, पण कौसल्या अजून एकदाही त्यावर बसलेली नाही. दर थांब्यावर ती कोणा ना कोणाला तिथे बसवते आणि डबल बेल देते.