मुंग्यांनी खाल्लेला पाव मण

लोक धान्य तोलत नसत, मापून घेत, त्या काळची गोष्ट. नर्मदाक्काच्या घरी एक कणगी होती. तिच्यात मणभर जोंधळा मावायचा आणि गर्व त्याहून जास्त. शेजारीच ओंजळभर धान्याचं माप, एक लाकडी चिपटं, बसलेलं असायचं.

"चिपट्या, तू तर माझा एक घास!" कणगी रोज हिणवायची. "अक्काला सांगून तुला कोंबड्यांच्या पाण्याला लावते बघ."

कोंबड्यांच्या चोची आठवून चिपटं भिंतीकडे सरकायचं.

एकदा अक्काची पायली, म्हणजे तिचं मोठं माप, शेजारच्या लग्नघरी गेली आणि कणगी भरायचं काम चिपट्याकडे आलं. नेमका त्याच सकाळी एक मोठा गुळाचा खडा त्याच्या तळाला आतून चिकटला होता. चिपट्यानं तो तसाच राहू दिला. "लाभ, दोन, तीन..." एकाला 'लाभ' म्हणत अक्का मोजत गेली, आणि मणाच्या कणगीत चक्क सव्वा मण मावला!

कणगी अशी फुगली, की तिच्या बांबूच्या कामट्या करकरल्या. "बघितलंस? वाढले मी!"

"वाढलात हो," चिपटं साळसूदपणे म्हणालं, आणि मुंग्यांना त्यानं हळूच आपला तळ दाखवला.

महिन्यानं अक्कानं जोंधळा त्याच चिपट्यानं मापून बाहेर काढला, तर भरला एकच मण.

"माझा पाव मण कुणी खाल्ला?" कणगी किंचाळली.

"मुंग्यांनी. माझ्या तळाला गूळ होता, धान्य कमी बसायचं आणि मापं जास्त व्हायची, तोवर तुम्ही सव्वा मणाच्या होतात. बरं, कोंबड्यांचं कधी सांगताय?"

कणगीनं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "चिपटेराव, गुळाचा दुसरा खडा मिळेल का हो?"