लाल रिबीन

“माई, किती वेळ बांधावेत?”

“काय?”

“हात. आमच्या मंजुळाचे.”

सगुणामाईंनी निवडत असलेली मेथीची जुडी खाली ठेवली.

“पुन्हा सांग बरं.”

प्रवरेकाठच्या त्या लहानशा मठात दामोदर आभाळे गुरुजी बावीस वर्षं येत होते. गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. सदऱ्याला कडक इस्त्री, वर्गात कडक शिस्त, आणि आपल्याला कुणी काही शिकवावं याची सवय अजिबात नाही. माईंनी मंत्र दिला त्या दिवसापासून रोज अकरा माळा, एकही दिवस चुकलेला नाही. आम्हाला हे कसं ठाऊक? तेच सांगत ना, भेटेल त्याला!

आज मात्र सोबत दहा वर्षांची लेक होती. ती ओसरीवर रेंगाळली आणि गुरुजी आत येऊन माईंपुढे बसले होते.

“चौथीत आहे, माई. धड दोन ओळी वाचता येत नाहीत. अक्षरं उलटी काढते. आणि हात... हात म्हणजे सारखी वळवळ. फ्रॉकचे धागे ओढ, पेन्सिल कुरतड, चटईच्या काड्या उपस. म्हणून अभ्यासाला बसली की मनगटं बांधतो. तिच्या वेणीच्याच रिबिनीनं. दुखेल अशी नाही हो!”

“मग येतं वाचायला?”

“...नाही.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं की. म्हणे मुलगी हुशार आहे, वाचायला आणि लक्ष द्यायला मात्र तिला जड जातं. मुद्दाम करत नाही. वेगळ्या पद्धतीनं शिकवा म्हणे.” गुरुजींचा आवाज चढला. “तीस वर्षं शिकवतोय मी! आणि काल आलेलं पोर मला पद्धत सांगतंय!”

माईंनी मेथीची जुडी बाजूला सारली.

“उद्या सकाळच्या एसटीनं तालुक्याला नेतो. तिथल्या वसतिगृहाचे सर फार कडक आहेत. तुमचा आशीर्वाद द्या.”

“पोरगी काय म्हणते?”

“तिला काय विचारायचं? तिच्या आईनं दोन दिवस अन्नाला शिवलेलं नाही. पण लेकीचं भलं बघायचं की रडणं बघत बसायचं?” गुरुजी थांबले. मग हळूच म्हणाले, “माई, मला भीती वाटते हो. माझीच पोर अडाणी राहिली तर...”

हे मात्र खरं होतं. पोरीवर जीव होता त्यांचा.

“हात हलले म्हणून काय बिघडतं?” माईंनी विचारलं.

“लक्ष मनानं द्यायचं असतं, माई. हातांचं तिथं काय काम?”

“बरोबर,” माई म्हणाल्या. “माळ दे तुझी.”

गुरुजींनी माळ दिली. माईंनी ती आपल्या मांडीखाली सारली.

“रिबीन आहे?”

होती. खिशातच असे. लाल, कडेला उसवलेली.

“हात पुढं कर.”

“माई, हे काय भलतंच!”

“कर म्हणते ना.”

माईंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. त्यांनी रिबीन नुसती गुंडाळली आणि म्हणाल्या, “गाठ तूच सांग, कशी मारतोस ती.” गुरुजींनी सांगितली आणि माईंनी तशीच मारली.

एवढ्यात तीन वाजले. पोथीची वेळ. गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्या आल्या आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. माईंनी गुरुजींना उंबऱ्याजवळ आपल्याकडे तोंड करून बसवलं, म्हाताऱ्या सगळ्या त्यांच्या पाठीमागं. बांधलेले हात कुणाला दिसू नयेत म्हणून गुरुजींनी उपरणं मांडीवर ओढून घेतलं.

माई दारात येऊन बसल्या आणि सांगू लागल्या. एक राजा होता. त्याला डोंगरावर देऊळ बांधायचं होतं. दगड आणायला त्यानं सात हत्ती धाडले...

पहिला हत्ती निघाला तेव्हा गुरुजी ताठ बसलेले होते.

दुसऱ्या हत्तीच्या वेळी त्यांच्या नाकावर माशी बसली. ती उडवायची कशी? मान झटकली. पुन्हा बसली.

तिसऱ्याला कोपर खाजू लागलं. मग शाळेचे गळके पत्रे आठवले. वसतिगृहात द्यायची वळकटी बांधायची राहिलीय हे आठवलं. लक्ष दे, दामोदर, लक्ष दे! स्वतःलाच दोनदा दटावलं. त्या दटावण्यात आणखी एखादा हत्ती निघून गेला असावा. आणि उपरण्याखाली त्यांचा अंगठा मधल्या बोटावर सरकत होता. माळ नव्हती, तरी मणी ओढत होता. गुरुजींनी तो थांबवला. तो पुन्हा सुरू झाला.

“दामोदर,” माईंचा आवाज आला. “कितवा हत्ती वाटेत थांबला?”

गुरुजी मनातल्या मनात हत्ती मोजू लागले.

“सांग की.”

“तिसरा?”

म्हाताऱ्या खुदकन हसल्या. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“पाचवा!” मागून आवाज आला. “वाटेत टिटवीची अंडी होती म्हणून. त्यानं पाय उचलला आणि तसाच तीन पायांवर उभा राहिला, पिल्लं बाहेर येईपर्यंत. राजानं माहूत पाठवला, प्रधान पाठवला, तरी हलला नाही. पण माई, त्याच्या आधीचे चार हत्ती त्याच वाटेनं गेले ना? मग त्यांच्या पायाखाली अंडी फुटली कशी नाहीत?”

माई मोठ्यांदा हसल्या. “अगं बाई! चाळीस वर्षं सांगतेय ही गोष्ट. कुणी विचारलं नाही मला!”

गुरुजींनी मान वळवली.

मंजुळा म्हाताऱ्यांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. मांडीवर पिंजलेला कापूस. बोटाला राख लावायची, कापूस चपटा करायचा, पीळ द्यायचा, की वात तयार. तिच्यासमोर वातींची ही एवढी रास. शेजारच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हातही तसेच चालू होते. बावीस वर्षं चालू होते. त्यांना कधी कुणी म्हटलं नव्हतं, लक्ष कुठं आहे म्हणून.

गुरुजींनी मनगटं ओढली. गाठ आणखी आवळली.

“सोडा हो, माई.”

“माझ्या बोटांना नाही सुटायची. मंजे, ये गं.”

मंजुळा आली. बापाचे हात बघून क्षणभर थबकली. मग वाकली, रिबिनीचं एक टोक दातात धरलं, दुसरं अंगठ्यानं ढकललं. गाठ सुटली.

“लगेच जमलं गं,” माई म्हणाल्या.

“रोज सोडवते,” मंजुळा म्हणाली. “बाबांना डुलकी लागली की.”

गुरुजींना लाज वाटली. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. मनगटावर लाल वळ उठला होता. दुखत नाही, असं तेच म्हणाले होते.

“उद्या तालुक्याला जायचं नाही,” ते लेकीला म्हणाले. मग माईंकडे वळले. “पण हिला शिकवायचं कसं, माई? मला... मला येत नाही.”

मुख्याध्यापकांच्या तोंडून हे शब्द गावानं पहिल्यांदा ऐकले. भिंतीकडच्या म्हाताऱ्या वाती वळायच्या थांबल्या.

माईंनी माळ काही परत दिली नाही. मूठभर कापूस उचलला आणि गुरुजींच्या तळहातावर ठेवला.

गुरुजींनी पीळ दिला. वात मधूनच तुटली. दुसरी घेतली, तिचा नुसता गोळा झाला.

“तसं नाही, बाबा. इकडं द्या.” मंजुळानं त्यांचं बोट धरून राखेत टेकवलं. “आधी चपटं. हां. आता हळू. पुन्हा करा, मी आहे ना.”

तिसरी वातही तुटली. गुरुजींनी चोरून लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

“घाबरू नकोस, दामोदर,” माई मेथीची जुडी उचलत म्हणाल्या. “ती हात बांधत नाही.”