केसर आणि आंब्याची पोकळ फांदी

फार पूर्वी एका डोंगराखालच्या गावात केसर नावाची मुलगी राहायची. तिचे वडील गावाची झाडं राखायचे. वाळक्या फांद्या छाटायच्या, कीड लागली तर औषध लावायचं, फळं उतरवायची, हे त्यांचं काम. पण पुढे गुडघे धरले आणि त्यांचं चढणं थांबलं.

नवा राखणदार निवडायला पाटलांनी शर्यत ठेवली. देवळापुढच्या जुन्या आंब्यावर चढून जो आधी शेंड्याला फडकं बांधेल, त्याला फेटा आणि काम.

केसर कासोटा घालून पुढे आली. "पाटीलबाबा, मीपण चढणार."

"बाईमाणूस चढलं की झाड वांझ होतं, पोरी."

"मग तुमच्या परसातल्या झाडाला यंदा चाळीस फणस कसे लागले? दोन वर्षं त्यावर मीच चढतेय. बाबा खालून नुसतं सांगतात."

पाटलीणबाई पदराआड हसल्या. "बरं, चढ," पाटील म्हणाले.

बाकीचे लवकरच मागे पडले. केसर आणि एक तगडा गडी बरोबरीनं वर गेले. शेंड्याकडची जवळची वाट एका जाड फांदीवरून होती. पाय टाकण्याआधी केसरनं कोयत्याच्या मुठीनं ती ठोकून पाहिली.

"दादा, थांब! ही आतून पोकळ आहे."

"हरायची वेळ आली की फांद्या पोकळ होतात वाटतं!" म्हणत तो भरभर पुढे गेला. केसर लांबच्या वाटेनं गेली. ती पोचली तेव्हा फडकं बांधून झालं होतं.

खाली गडी फेटा घालून मिरवू लागला. केसरचे डोळे भरून आले. पण त्या फांदीखालच्या पारावर गावची पोरं खेळत होती.

"पाटीलबाबा, पार रिकामा करा. फांदी आजच उतरवायला हवी."

"हरलीस ना? आता घरी जा!" गर्दीतून कुणी ओरडलं.

केसरनं स्वतःच पोरांना उठवलं, दोर खांद्यावर टाकला, करवत घेतली आणि पुन्हा चढली. दोराचं एक टोक फांदीला बांधलं, दुसरं वरच्या फांदीवरून खाली सोडलं आणि वडिलांनी ते बुंध्याला गुंडाळून धरलं. शेजारच्या फांदीवर बसून ती करवत चालवत राहिली. हाताला फोड आले, तरी थांबली नाही. निम्मीही कापून झाली नसेल, तोच फांदी कडाडून मोडली आणि दोरावर लोंबकळली. तिच्या पोटातून वाळवीची माती भसाभस पारावर सांडली.

गडी पांढराफटक पडला. "मी हिच्यावरून गेलो होतो," असं म्हणून त्यानं फेटा काढला.

"फेटा राहू दे, शर्यत तू जिंकलास," पाटील म्हणाले. "झाडं मात्र आजपासून केसरच्या हाती."

गडी तिच्याजवळ आला. "ताई, फांदी ठोकून कसं ओळखायचं, मला शिकवशील?"

"उद्या सकाळी ये," केसर म्हणाली आणि करवत पुसायला बसली.

तात्पर्य: काम बाईचं की पुरुषाचं हे विचारू नये, ते कुणाला कळतं हे पाहावं, आणि ज्याला कळतं, त्यानं हरल्यावरही ते सोडू नये.