कालची आमटी कशी होती?

कृष्णाकाठच्या वाईत दिगंबर सायकलवाला राहायचा, आणि त्याची पोलंडहून आलेली बायको हान्का. तिचा व्हिसा उद्या संपणार होता. मुदत वाढली नाही, तर बिचारीला नवरा सोडून परत जावं लागणार!

व्हिसाचा साहेब मोठा संशयी. लग्न खरं की नुसतं कागदावरचं, हे ताडायला त्यानं दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं, "कालची आमटी कशी होती?"

दिगंबर म्हणाला, "गुळचट."

हान्का म्हणाली, "फक्कड!"

साहेब खुर्चीत रेलला. "उत्तरं जुळत नाहीत. लग्न खोटं! सामान बांधा."

हान्कानं पदर खोचला. "खोटं असतं तर उत्तरं घोकून आलो असतो, भाऊसाहेब. तुमच्याकडं काल काय होतं?"

"पिठलं. अगदी पाणचट."

"मग वहिनींना विचारा की."

साहेबानं ऐटीत घरी फोन लावला. "काय गं, कालचं पिठलं कसं झालं होतं?"

पलीकडून आवाज कडाडला, "झकास! तीनदा मागून ओरपलंत की!"

हान्का गोड हसली. "आता तुमच्यापैकी सामान कुणी बांधायचं?"

साहेबानं मुदतवाढीचा शिक्का मारला. वर्षभरात दिगंबरच्या घरी पाळणा हलला. आमटीचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही, आणि संसार सुखाचा चाललाय.